वाड्यातला वात

काकू सकाळी बंबातलं कढत पाणी तपेलीत घ्यायची आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्यात बुडवून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहायची. मग एकेक बोट सोडवून घ्यायची. त्यानंतर पितळी परात पुढे ओढायची. घरात अकरा माणसं, रोजच्या चाळीसेक पोळ्या. कणकेत पहिली मूठ दाबताना तिचा खालचा ओठ दाताखाली जायचा, तो मला अजून दिसतो. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातली ही १९७०च्या आसपासची गोष्ट. काय होतंय म्हणून कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असायचं : 'काही नाही, वात आहे.'

आजीच्या गुडघ्यांनाही वातच होता. आजोबांच्या पायाच्या अंगठ्याला वात, धाकट्या काकाच्या पाठीत वात. या एका शब्दात घरातली सगळी दुखणी मावायची. त्यावरचे उपायही सामाईक होते : तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, महानारायण तेल, कोनाड्यातली आयोडेक्सची बाटली. वाटाणे, हरभऱ्याची डाळ, वांगं वातूळ म्हणून बंद. दही तर रात्री कुणी मागायचंच नाही. संध्याकाळी दिवे लागले की माजघरात तेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा जो वास भरायचा, तो आम्हा भावंडांपैकी कुणालाही आजही डोळे मिटून ओळखता येईल.

आम्ही सगळे आता साठीच्या पुढे आहोत. कुणाकडे मंगलकार्याला जमलो की गुडघ्यांचा विषय निघतोच, आणि मग त्या वाड्यातल्या माणसांना काय काय झालं होतं, ते आम्ही मागे जाऊन एकेक करून ओळखतो.

आजीचं सरळ होतं. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजली होती, ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. वय आणि वजन ही कारणं खरीच, पण तिने आयुष्यभर उकिडवं बसून भांडी घासली, जमिनीवर बसून चूल सांभाळली, दगडी जिना दिवसातून वीस वेळा चढला. तिचा गुडघा चाललं की दुखायचा, बसलं की थांबायचा. सकाळचा ताठरपणा परसदारापर्यंत जाऊन येईतो सुटायचा. मांडीचे स्नायू बळकट करणारे साधे व्यायाम तिला कुणी शिकवले असते, तर पर्वतीच्या पायऱ्या तिला आणखी काही वर्षं चढता आल्या असत्या. चैत्रात खाली सारसबागेत बसून ती वर देवळाकडे बघत राहायची.

आजोबांचा अंगठा मध्यरात्री लाल होऊन सुजायचा. पांघरुणाचं टोक लागलं तरी ते ओरडायचे, आणि आठ-दहा दिवसांत सगळं पूर्ववत. रक्तातलं युरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साठतात, तो हा गाऊट. आयुर्वेदात वातरक्त नावाने याचं वर्णन आहे. म्हणजे वेगळं नाव होतं, आमच्या घरापर्यंत ते पोचलं नव्हतं. काकाला विशीतच कंबरदुखी लागली. पहाटे ती त्याला जागं करायची आणि विश्रांतीने वाढायची. तो अंगणात फेऱ्या घालायचा तेव्हा मोठी माणसं 'पडून राहा' म्हणून रागवायची. तो कणा आखडवणारा संधिवात असणार. त्यात चालणं-फिरणं हेच औषध असतं. काकाच्या शरीराला ते कळलं होतं.

काकूबद्दल मात्र मन अजून शांत होत नाही. तिचे दोन्ही हात सारखेच सुजायचे, बोटांची मधली पेरं आणि मनगटं. सकाळची आखडलेली बोटं सुटायला दोन-दोन तास जायचे. अंगात कसर असायची, वजन उतरत गेलं. हा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आयुर्वेदातला आमवात याच्याच जवळचा. यात झीज हे मूळ नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उठते, अस्तर सुजतं आणि हळूहळू कूर्चा नि हाड खातं. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो. गार पाण्यात हात घातल्याने तो होत नाही, वांग्याने तर नाहीच. तरी काकूला वर्षानुवर्षं ऐकावं लागलं की तीच पथ्य पाळत नाही.

मधे कुणीतरी गावाकडून पुड्या आणून दिल्या. आठवड्यात सूज उतरली, काकू मंगळागौरीला फुगडी खेळली. चारेक महिन्यांत तिचा चेहरा गोल झाला, पुड्या थांबताच दुखणं दुपटीने उसळलं. त्यात स्टेरॉइड असावं, हे आज कळतं. श्रावणात कासारीण यायची. एका श्रावणात तिने काकूचा हात धरला, साबण लावला, पेरांवरून बांगडी सरकेना. दोन फुटल्या. कासारणीने हात हळूच खाली ठेवला. त्यानंतर काकू चुलीशी काम आहे म्हणून बाहेर येईनाशी झाली.

पुणे जिल्ह्यातल्याच भिगवणला १९९६मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. शंभर प्रौढांमागे अठरा जणांना हाडास्नायूंचं, सांध्यांचं दुखणं निघालं, आणि साधारण दोनशेंत एकाला काकूचा आजार. हे वाचलं तेव्हा मला पेठेतले सगळे वाडे आठवले. किती उंबऱ्यांवर किती तपेल्या असतील!

पुढे गुडघे बदलणं घरोघर माहीत झालं ते तेव्हाचे पंतप्रधान वाजपेयी यांच्यामुळे. २०००मध्ये ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावतांनी त्यांच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली, आणि आत्याने ती बातमी कापून ठेवली. २००६मध्ये चिकुनगुन्या आला तेव्हा आमच्याच पिढीला भिंत धरून उठावं लागलं. ताप चार दिवसांत गेला, सांधे काही जणांचे महिनोन्‌महिने दुखत राहिले.

त्यानंतर तीन वर्षांनी काकूच्या लेकीचा कोथरूडहून फोन आला. 'ताई, सकाळी बोटं मिटत नाहीत गं. आईचंच का हे?' त्याच आठवड्यात आम्ही संधिवाततज्ज्ञांकडे गेलो. रक्तात या आजाराची खूण असलेलं अँटी-सीसीपी सापडलं, हातांच्या एक्स-रेत हाडं अजून शाबूत होती. मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. म्हणून ती कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल करते. जोडीला फॉलिक आम्ल, आणि दर तीन महिन्यांनी रक्ताची, यकृताची तपासणी. पहिले दोन महिने काहीच फरक दिसेना, ती रडकुंडीला आली होती. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी तिने फोनवर सांगितलं की दुधाची पिशवी तिनेच कापली.

काकूची परात तिच्याकडेच आहे. जड म्हणून बरीच वर्षं माळ्यावर होती. गेल्या दिवाळीत तिने ती खाली काढून चिंचेने घासली, आणि करंज्यांचं पीठ तिच्यातच मळलं.