आधी एकक, मग दशक

रेसिंग सिम्युलेटरची रिप्ले-फाइल म्हणजे व्हिडिओ नव्हे. ‘लाइव्ह फॉर स्पीड’ची फाइल उघडली की दिसतात नुसते आकडे: स्टिअरिंग किती वळवलं, ब्रेक कधी दाबला. ते वाचायला मी हौसेखातर पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहायला घेतला.

एका बाइटमध्ये २५५ पर्यंतचाच आकडा बसतो. म्हणून ३०० लिहायला दोन बाइट लागतात: एक २५६ आणि वर ४४. फाइलमध्ये मात्र आधी ४४ येतात, मग १. लहान भाग पुढे, मोठा मागे.

मला यात उलटं काही वाटलंच नाही. आमच्या तामसीत मराठीत म्हणायचं पंचवीस, आधी पाच. तेलुगूत इरवै ऐदु, आधी वीस. कानांना दोन्हीची सवय. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला! जोडाक्षरं मुलांना जड जातात, हे खरं असेलही. पण मराठी आकडे उलटे, असं कुणी म्हटलं की मी इंटेलच्या प्रोसेसरकडे बोट दाखवतो. तोही लहान भाग आधी मांडतो. कुठल्या बाजूनं वाचायचं, एवढी एक खूण पायथनला दिली की फाइल सरळ वाचली जाते. मुलांनाही आधी ती खूण नीट सांगून बघावी.