मंडळी कोणती?

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. घरातली माणसे ती मंडळी, पंगतीला बसली ती मंडळी, नवरा बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणतो तीही मंडळी. आणि मराठी बायबलात चर्चसाठी शब्द तोच, मंडळी! कानडीत चर्चला ‘सभे’ म्हणतात आणि घरच्यांना आपल्याकडे ‘नम्म मंदी’. बेळगावात वाढल्यामुळे हे सगळे शब्द माझ्या तोंडात लहानपणापासून. त्यांतला पेच मात्र लग्नानंतर, लालबर्रा गावी राहायला गेल्यावर कळला.

लालबर्रा मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, बालाघाट-सिवनी रस्त्यावर. यांची बदली तिथे झाली तेव्हा मी नकाशात गाव शोधले होते. बेळगावहून कोल्हापूर, तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट गोंदिया, मग बालाघाट, आणि शेवटी बस. एका बाजूच्या प्रवासात दीड दिवस सहज जाई.

तिथे आम्ही दहा-बारा घरे. दर रविवारी कुणाच्या तरी घरी उपासना, तीही हिंदीत. मला पेटी वाजवता येते, म्हणून गाणी माझ्याकडे आली. मग मुलांचे संडे स्कूल आले, बुधवारची प्रार्थना आली, आजारी माणसाकडे डबा पोचवणे आले. परक्या मुलखात आपली माणसे मिळाली याचा आनंद होता, आणि खरे सांगायचे तर आपल्यावाचून अडते याचाही होता.

एका डिसेंबरात दादाचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचे हाड मोडले होते. नाताळला बारा दिवस उरले होते. मुलांचे नाटक अर्धे बसले होते. मी म्हटले, ‘नाताळ झाला की लगेच निघते.’ दादाने फोन आईच्या कानाशी धरला. ती म्हणाली, ‘इरली बिडव्वा, देवाचं काम आहे.’ मला बरे वाटले. आईनेच परवानगी दिली होती ना!

नाटक छान झाले. टाळ्या पडल्या. नंतर चहा गाळताना आमच्यातल्या एक वयस्क बाई जवळ आल्या. आईचे त्यांना तेव्हाच कळले होते. त्या एवढेच म्हणाल्या, ‘बेटा, आपने हमें बताया क्यों नहीं? नाटक तो हम कर लेते.’

त्या एका वाक्याने मी उघडी पडले. मंडळीने मला थांबवलेच नव्हते. मीच मंडळीच्या आड लपले होते. आईची शुश्रूषा, वहिनीशी जुनी कुरबुर, दवाखान्याचा खर्च कुणी किती उचलायचा हा प्रश्न, या सगळ्यांपेक्षा पेटी वाजवणे सोपे होते.

सव्वीस तारखेला निघाले. महाराष्ट्र एक्सप्रेस राहुरी आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या स्थानकांवरून जाते. तिथे मला नेहमी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. गंमत अशी की रेव्हरंड टिळकांची गोष्टही आमच्याच वाटेवर सुरू होते. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. गोंदिया त्याच मार्गावर आहे. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परत आल्या, पण सोवळे-ओवळे लगेच सुटले नाही. त्यांचे मन आपल्या गतीने बदलले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसत हसत सांगितले आहे, पण त्या हसण्याखाली किती रडणे होते ते बाईमाणसाला कळते. टिळकांपुढे खरोखरच दोन वाटा होत्या. माझ्यापुढे तसे काही नव्हते. मी उगाच आव आणत होते.

शास्त्र तरी काय सांगते? कोण माझी आई, कोण माझे भाऊ, असे येशूने एकदा विचारले हे आपण वारंवार ऐकतो. पण आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले असे सांगून हात झटकणाऱ्यांना त्यानेच फटकारले, हे मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. आणि वधस्तंभावरूनही त्याने आईची सोय शिष्याकडे लावली, हे योहानाने लिहून ठेवले आहे.

घरी पोचले तेव्हा वहिनी आईची वेणी घालत होती. वहिनी चर्चला येत नाही. बारा दिवस आईचे सगळे अंथरुणात तिनेच केले होते. मी तिचा हात धरला, तर म्हणाली, ‘वन्सं, आधी चहा घ्या.’ त्या रात्रीपासून आईजवळ मी झोपू लागले. महिनाभर राहिले.

लालबर्ऱ्याला परतल्यावर मी दोन मुलींना पेटी शिकवायला घेतली. घरचे संकट आधी मंडळीला सांगायचे, एवढा नियम स्वतःला घालून घेतला. त्यानंतर आई दोन वर्षे होती. शेवटच्या वेळी फोन आला तेव्हा मी त्याच संध्याकाळी बस धरली. रविवारी पेटी वाजली, आणि सुरात वाजली असे ऐकले. आईच्या उशाशी मी होते, आणि पलीकडे वहिनी होती.

मंडळी कोणती, असे आता कुणी विचारले तर मला दोन्हीकडचे चेहरे आठवतात. त्यात वहिनीचा आधी.