निळ्या टोपणाची टाकी

आमचा पुतण्या सुरतेहून धुळ्याला साड्यांच्या गाठी ट्रकने पोहोचवितो. बारडोली, सोनगड, नवापूर हा त्याचा नित्याचा मार्ग. गेल्या दिवाळीत तो चिडूनच घरी आला. "काका, डिझेल काय कमी महाग आहे, म्हणून वर ही निळ्या टोपणाची टाकी? गावी अमळनेरला युरियाची पोती पडली आहेत. तोच पाण्यात कालवून ओततो!"

आम्ही रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. असा प्रश्न आम्हांस पर्वणीच!

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि जड वाहनांच्या धुरातील नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा दर किलोवॅट-तासास ३.५ ग्रॅमवरून सुमारे ०.४ वर उतरली. ही टाकी त्याचसाठी. तिच्यातील द्रावात ३२.५ टक्के शुद्ध युरिया, बाकी शुद्ध पाणी. तप्त धुरात युरियापासून अमोनिया होतो. पुढे मधाच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र विटेवर उत्प्रेरकाचा लेप असतो; कोठे टायटॅनियमच्या ऑक्साइडवर बसविलेले व्हॅनेडियमचे ऑक्साइड, कोठे तांबे मुरविलेले झिओलाइट. तेथे अमोनिया आणि ते दाहक वायू यांची गाठ पडते व बाहेर पडतात केवळ नायट्रोजन आणि वाफ. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही. लग्न जुळवून बाजूला होणारा मध्यस्थच म्हणा ना!

शेतीच्या युरियाला मात्र २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. ते तेल आणि इतर अशुद्ध द्रव्ये विटेवर बसली की ती निकामी होते, आणि नवी घेताना पोत्यांची सारी बचत एका दिवसात जाते. हे ऐकून स्वारी नरमली.

"म्हणजे चांगला द्राव घातला की बाबांना माझ्या धुराचा त्रास नाही?"

आमचे थोरले बंधू दम्याने बेजार आहेत. उधन्यातील त्यांच्या खिडकीखालीच ट्रक रोज पहाटे अर्धा तास घुरघुरत उभा असे. खोटे कसे सांगावे? धूर सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापल्याखेरीज द्राव फवारलाच जात नाही. थंड उत्प्रेरक जवळजवळ झोपलेलाच असतो. म्हणजे नवापूरच्या रस्त्यावर तो धूर निवळतो आणि दादांच्या खिडकीशी जसाच्या तसा शिरतो.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही.

आता ट्रक रात्री कडोदऱ्यालाच उभा राहतो. पहाटे तो मित्राच्या स्कूटरवर मागे बसून तिकडे जातो. वहिनींची तक्रार एवढीच, की चहाचे आधण अर्धा तास आधी ठेवावे लागते.