कोतवालाचा वाटा

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली घोषित झालेले हे अभयारण्य विस्ताराने लहान, सुमारे बारा चौरस किलोमीटरचे; पण किल्ल्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याखाली पसरलेल्या या रानात पक्ष्यांच्या दीडशेहून अधिक जाती नांदतात. पावसाळा ओसरल्यावर येथील पायवाटांवर जाणकारांना एक विलक्षण व्यवहार पाहावयास मिळतो. निरनिराळ्या जातींचे पक्षी एकच थवा करून अन्न शोधीत फिरतात. सातभाई जमिनीवरचा पालापाचोळा उलथतात, सुतार खोडाच्या सालीत चोच घालतो, लहान पक्षी पानांआड धुंडाळतात. आणि या सर्वांच्या वर, मोकळ्या फांदीवर, लांब शेपटीचा भृंगराज कोतवाल बसलेला असतो. इतरांच्या माना खाली, त्याची नजर चहूकडे. शिकारी पक्षी दिसताच तो इशारा देतो आणि सारा थवा क्षणात झाडोऱ्यात दिसेनासा होतो. या राखणीचा मोबदलाही त्याला तेथेच मिळतो. थव्याच्या हालचालीने जे कीटक उडतात, ते त्याचे अन्न. थवा काम करतो म्हणून कोतवालाचे पोट भरते, आणि कोतवाल जागा असतो म्हणून थवा निर्धास्तपणे काम करतो.

मनुष्याने अलीकडच्या काळात असाच एक मोठा थवा उभा केला आहे. त्याला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असे म्हणतात. संगणकाची आज्ञावली ज्या संहितेत लिहिली जाते, ती येथे कोणी तिजोरीत ठेवीत नाही. कोणीही ती वाचावी, वापरावी, सुधारावी आणि पुढे द्यावी, अशी मोकळीक परवान्यानेच दिलेली असते. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची संहिता अशीच खुली केली. आज पनवेलच्या बाजारपेठेतील एखादा दुकानदार गल्ल्याशेजारच्या अँड्रॉइड फोनवर ग्राहकाचे पैसे जमा झाल्याचे पाहतो, तेव्हा त्या फोनच्या तळाशी लिनक्सच असते. त्यासाठी त्याने वेगळा एक रुपयाही मोजलेला नसतो.

व्यापारी मनाला येथे पहिला प्रश्न पडतो तो कामाच्या उरकाचा. पगार नाही, हजेरी नाही, एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही. मग इतके काम होते कसे? माणसे वाढली की काम वाढते, हा समज संगणकाच्या क्षेत्रात फार पूर्वीच खोटा ठरला आहे. फ्रेडरिक ब्रूक्स या अभियंत्याने १९७५ साली दाखवून दिले, की रखडलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते अधिकच रखडते. कारण साध्या गणिताचे आहे. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा. पन्नास माणसांत त्या १,२२५ होतात. सारा दिवस एकमेकांना समजावण्यातच सरतो.

मुक्तस्रोत समुदायांनी यावर उपाय शोधला. काम इतके लहान लहान तुकड्यांत वाटावयाचे, की एका तुकड्यासाठी सर्वांशी बोलण्याची गरजच पडू नये. लिनक्सची नवी आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि प्रत्येक आवृत्तीत हजाराहून अधिक जणांचा हातभार असतो. तथापि हे हजार जण थेट मूळ संहितेला हात लावीत नाहीत. प्रत्येक विभागाला एक राखणदार असतो. आलेला बदल तो वाचतो, पारखतो, चुका दाखवितो, परत पाठवितो, आणि समाधान झाल्यावरच पुढे देतो. लिहिणारे अनेक असतात, पारखणारे थोडे. समुदायाची खरी गती लिहिणाऱ्यांच्या संख्येवर नव्हे, तर या थोड्यांच्या सवडीवर आणि धीरावर ठरते.

हाच नियम कर्नाळ्यात पक्षी मोजणाऱ्यांनाही लागू आहे. येथे येणारे अनेक पक्षीनिरीक्षक आपल्या नोंदी ‘ईबर्ड’ या २००२ साली सुरू झालेल्या सामायिक संग्रहात भरतात. देशभरातील अशा तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून २०२३ साली भारतातील ९४२ जातींच्या पक्ष्यांचा अहवाल सिद्ध झाला. कोणत्याही एका संस्थेला पगारी माणसे ठेवून हे साधले नसते. मात्र एखाद्याने भलत्याच ऋतूत भलताच पक्षी नोंदविला, तर छायाचित्र मागणारा, नम्रपणे शंका विचारणारा कोणीतरी असावा लागतो. तो बहुधा स्वयंसेवकच असतो. त्याचे नाव अहवालाच्या मुखपृष्ठावर येत नाही. परंतु तो नसता तर त्या तीन कोटींवर कोणी विश्वास ठेवला नसता.

राखणदाराकडे दुर्लक्ष झाले की काय घडते, याचे दोन दाखले जगापुढे आहेत. ‘ओपनएसएसएल’ ही आज्ञावली संकेतस्थळांवरील गुप्त व्यवहार सुरक्षित ठेवते. जगातील असंख्य पेढ्या आणि दुकाने तिच्यावर विसंबून होती. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यात गंभीर दोष सापडला आणि मगच सर्वांना कळले, की तिला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे दोन हजार डॉलरच्या होत्या आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. त्यानंतर मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला. अपघात आधी, वर्गणी मागाहून.

दुसरा दाखला अधिक अंतर्मुख करणारा आहे. ‘एक्सझेड’ हे माहिती आटोपशीर करून साठविण्याचे साधन जवळजवळ एकच स्वयंसेवक सांभाळीत होता. २०२२ साली काही अनोळखी लोक त्याला कामाच्या संथपणाबद्दल टोचू लागले. हे बिनमोबदल्याचे, छंदाचे काम आहे आणि मनाची शक्तीही मर्यादित आहे, असे त्याने सांगून पाहिले. त्याच सुमारास एक मदतनीस मोठ्या तत्परतेने पुढे आला. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ चोख काम केले, विश्वास मिळविला, किल्ल्या हाती घेतल्या, आणि २०२४ च्या आरंभी संहितेत चोरदरवाजा बसविला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे जाणवले. त्याने त्याचा माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी कपट उघड केले. संहिता खुली होती म्हणून चोर आत आला, आणि खुली होती म्हणूनच सापडलाही. पण त्या चोराला वाट मिळाली ती एका थकलेल्या माणसाच्या एकटेपणातून.

जैन परंपरेला हा विषय परका वाटू नये. शास्त्रदानाची थोरवी येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दहाव्या शतकातील कर्नाटकातील दानशूर श्राविका अत्तिमब्बे हिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून वाटल्या. त्या हजार प्रतींमागे ताडपत्रे तयार करणारे, लिहिणारे, ताडून पाहणारे हात होते, आणि त्या हातांची व्यवस्था दात्याने करावयाची असते. ग्रंथाचे दान म्हणजे लेखनिकाचाही सांभाळ. श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला भांडारांतील पोथ्या बाहेर काढल्या जातात, त्यांच्यावरची धूळ झटकली जाते, जीर्ण वेष्टने बदलली जातात. ज्ञान एकदा लिहून संपत नाही, ते सतत राखावे लागते, हे ओळखून या समाजाने देखभालीलाच सणाचे रूप दिले. मुक्तस्रोताच्या जगाने अद्याप असा सण निर्माण केलेला नाही.

दुकानाच्या वहीत जमा आणि नावे यांचा मेळ बसल्याखेरीज दिवा मालवावयाचा नाही, ही सवय ज्या घरांत आहे, त्या घरांना हे ऋण समजावून सांगावे लागणार नाही. फेडीचे मार्गही अवघड नाहीत. ज्या पेढीचा कारभार अशा साधनांवर चालतो, तिने वार्षिक खर्चात त्यांच्या राखणदारांसाठी लहानशी रक्कम धरावी. दोष आढळल्यास ‘चालत नाही’ एवढेच न कळविता, काय केले असता काय झाले ते नेमके लिहावे. घरातील संगणक शिकलेल्या मुलामुलींनी केवळ नवे लिहिण्याचा हव्यास न धरता, दुसऱ्याचे लिहिलेले वाचून तपासण्याचे काम पत्करावे. पुष्कळ साधनांच्या मराठी अनुवादालाही पारखणाऱ्यांची वाण आहे. आणि उत्तरास विलंब झाला, तर पलीकडे एखादा माणूस दिवसभराची नोकरी आटोपून, घरची मंडळी निजल्यावर हे काम करीत असेल, हे ध्यानात ठेवून पत्राची भाषा मवाळ ठेवावी. या शेवटच्या गोष्टीला काहीच खर्च येत नाही, आणि २०२२ साली त्या एका माणसाला नेमकी तीच मिळाली नव्हती.