एक कप्पा रिकामा

कॅमेऱ्याची बॅग घ्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "यात काय काय मावतं?" दुकानदारही हौसेने दोन बॉडी, चार लेन्स, फ्लॅश, लॅपटॉप असं सगळं भरून दाखवतो. मला या प्रश्नाचीच धास्ती वाटते. जेवढं मावतं तेवढं माणूस भरतोच, आणि भरलेलं सगळं संध्याकाळपर्यंत त्याच्याच अंगावर असतं. एक फुल-फ्रेम बॉडी, २४-७० आणि ७०-२०० या दोन मोठ्या झूम लेन्स, एवढ्यातच तीन किलो होतात. जाड फोमची मोठी पाठपिशवी रिकामी असतानाच दोन किलोंच्या घरात जाते. त्यात पाण्याची बाटली, रेनकोट, बॅटऱ्या. मग दुपारनंतर खांदा बोलायला लागतो, आणि खांदा दुखणारा फोटोग्राफर वाकत नाही, गुडघ्यावर बसत नाही, चार पावलं पुढे जायचं टाळतो. हे सगळं फोटोत दिसतं.

मी वारीचे फोटो काढतो, त्यामुळे बॅगेची माझी परीक्षा वारीतच होते. माउलींच्या पालखीचा पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपासचा आणि त्यातच दिवे घाटाची चढण. घाटाच्या कडेला उंचावर जागा धरून बसणाऱ्याला कोणतीही बॅग चालते. ती शेजारी दगडावर ठेवता येते. दिंडीत शिरलं की मात्र बॅग खाली टेकवायला जागाच नसते. खाली चिखल, मागून पावलं, आणि "चला माउली" म्हणत पुढे सरकणारी रांग. तिथे पाठपिशवी एका खांद्यावरून सोडून पुढे ओढायची म्हणजे मागच्या आजींच्या डोक्यावरच्या तुळशीला धक्का. म्हणून गर्दीत मी आडव्या पट्ट्याची, कमरेशी बसणारी खांद्याची बॅगच वापरतो. एकाच खांद्यावर भार येतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे सामान कमी करणं आणि कमरेला पट्टा बांधून थोडा भार कमरेवर घेणं. वारकऱ्याची पडशी मला यासाठी फार शहाणी वस्तू वाटते: एक तोंड पुढे, एक मागे, आणि दोन्हीकडचं ओझं एकमेकाला तोलून धरतं.

पण बॅग निवडताना मी सगळ्यात आधी बघतो तो एक रिकामा कप्पा. चालता चालता लेन्स बदलताना काय होतं ते बघा. कॅमेरा गळ्यात, तोंड खाली. हवी ती लेन्स कप्प्यातच असताना तिचं मागचं झाकण फिरवून सैल करून ठेवायचं. मग कॅमेऱ्यावरची लेन्स काढायची आणि ती थेट रिकाम्या कप्प्यात, मागची बाजू वर ठेवून सोडायची. नवी लेन्स उचलली की तिचं झाकण कप्प्यातच राहतं; ती कॅमेऱ्यावर बसवायची आणि तेच झाकण जुनीवर चढवायचं. कॅमेऱ्याचं तोंड दोन-चार सेकंदच उघडं राहतं. रिकामा कप्पा नसेल, तर या कामाला तिसरा हात लागतो. म्हणून तीन लेन्स न्यायच्या असतील, तर एक कॅमेऱ्यावर धरून कप्पे तीन हवेत, दोन नव्हेत.

दुसरी परीक्षा झाकणाची. गोल रिंगणात अश्व धावून गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं आत धावतात आणि धुळीचा लोट उठतो. अशा वेळी झाकण नुसतं सोडलं की आपोआप पडायला हवं. चेन ओढत बसायला वेळ नसतो. वेल्क्रो मात्र मला नको. रात्री कीर्तन रंगात आलेलं असताना तो टर्रकन आवाज झाला, की ओळीतली दहा माणसं वळून बघतात. चाप किंवा आकडा बरा. आणि पावसाळी आवरणावर फार विसंबू नये: ते चालताना कामाचं, काम सुरू झालं की काढावंच लागतं. कापड जाड हवं आणि आत लेन्ससाठी साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हव्यात.

कामाच्या बॅगा काम करणाऱ्यांच्या हातूनच घडल्या आहेत, याचा मला आनंद वाटतो. अमेरिकेतल्या 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'चे छायाचित्रकार जिम डॉम्की यांनी १९७०च्या दशकात स्वतःच्या गरजेतून कॅनव्हासची बॅग बेतली. तिला भिंतींत फोम जवळपास नव्हताच. ती ताठ उभी न राहता कमरेला चिकटून पडायची. इंग्लंडमधल्या बिलिंगहॅम यांनी १९७३ साली सुरुवात केली ती मासे धरणाऱ्यांच्या बॅगांनी. फोटोग्राफर मंडळी त्याच विकत घेत आहेत, हे पुढे त्यांच्या लक्षात आलं. धक्क्यापासून वाचवायला फोम लागतो, हे मान्य. पण गाडीच्या डिकीत आदळणाऱ्या बॅगेला जेवढा लागतो, तेवढा अंगावरच्या बॅगेला लागत नाही.

म्हणून फोर्टातल्या बोरा बाजारात जाल तेव्हा आपली बॉडी आणि लेन्स सोबत न्या. बॅग भरा, अंगावर घ्या, आणि तिच्याकडे न बघता लेन्स बदलून पाहा. गर्दी असेल तर फारच उत्तम. चेन, शिवण, पट्ट्याची कडी हे मग निवांत तपासा. पट्टा बॅगेच्या तळाखालून फिरलेला असला, तर शिवणीवर ताण कमी येतो.

आणि घरी आल्यावर सगळं सामान बाहेर काढा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात बंद बॅगेतली ओल आणि अंधार लेन्सवरच्या बुरशीला पोसतात. लेन्सची जागा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. बॅग उलटी करून झटकायची, कप्प्यांचे पडदे सुटे करून उन्हात टाकायचे, आणि पुन्हा लावताना तो एक कप्पा मोकळा सोडायचा.