नांदेड–लातूर : वरून आणि खालून

नांदेडला विमानतळ आहे आणि लातूरलाही आहे. हे ऐकले की बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, "मग मध्ये विमानाला किती वेळ लागतो?" असे विमानच नाही, हे सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून मीच एकदा हिशेब मांडला.

दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे १२४ किलोमीटर भरते. पृथ्वी गोल, तेव्हा ही रेषा म्हणजे खरे तर कमान; पण एवढ्याशा अंतरात कमान आणि जमिनीतून काढलेला सरळ बोगदा यांच्या लांबीत फरक पडतो तो जेमतेम दोन मीटरांचा! (आमच्या कलाशाखेला गणित येत नाही, असे विज्ञानवाल्यांनी म्हणू नये.) एटीआर जातीचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडते. म्हणजे पंधरा मिनिटे. चढणे, उतरणे, वळणे धरून अर्धा तास. पुढ्यातला चहा निवायच्या आत लातूर!

पण मौज पाहा. नांदेडचा विमानतळ शहराच्या उत्तरेला, तर लातूरचा रस्ता गोदावरी ओलांडून दक्षिणेकडे. लातूरचा विमानतळ चिंचोलीराववाडीजवळ, शहराच्या पश्चिमेला. म्हणजे घरून उलट्या दिशेने निघायचे, लातूर ओलांडून उतरायचे आणि पुन्हा मागे यायचे. रेल्वेची तऱ्हा याहून न्यारी. पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घालत ती दोनशेहून अधिक किलोमीटर हिंडवते. राहता राहिली आपली लाल गाडी.

लातूर जिल्ह्यातली महाविद्यालये १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठाला जोडलेली आहेत. त्यामुळे या गाडीत गुणपत्रिकेची फाईल छातीशी धरलेला एखादा विद्यार्थी असतोच. मी मात्र उलटा. घर लातूरला, शिक्षण नांदेडला, मुक्काम आत्याकडे.

गेल्या श्रावणात पहाटे बाबांचा फोन आला. आजोबा गेले. आत्याने अंगावरच्या लुगड्यानिशी पिशवी उचलली. गाडीत ती खिडकीशी बसली ती एक शब्द बोलेना. बाबांचे फोन येत राहिले.

"अक्का, कुठवर आलीस?"

"सोनखेड मागं टाकलं."

मग लोहा. मग माळाकोळी. अहमदपूरच्या स्थानकात वाहक चहाला उतरला. तेवढ्या वेळात दोन फोन झाले. मंडळी जमली होती, पावसाचे लक्षण होते, कुणीतरी वडीलधारे घाई करीत होते. "लेकीला तोंड पाहू दे," असे बाबा त्यांना म्हणाल्याचे फोनमधून मलाही ऐकू आले. किलोमीटर कुणीच विचारले नाहीत. शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड – एकेका गावाच्या नावाबरोबर तिकडे आजोबांना थोडा वेळ मिळत होता.

पोचलो. सगळे थांबले होते.

तेराव्यानंतर मी आत्याला माझा अर्ध्या तासाचा हिशेब सांगितला. तिने तो नीट ऐकून घेतला. २०१७ साली नांदेडहून हैदराबादचे विमान सुरू झाले तेव्हा ती शेजारणींसोबत ते गच्चीवरून पाहायची. विमान तिला अगदीच अनोळखी नाही.

"अर्ध्या तासात?" ती म्हणाली. "एवढ्यात तर माझं रडणंसुद्धा झालं नसतं रे. घरी जाऊन बाबाला सावरायचं होतं मला."