अकरा देश आणि देवरुखची खानावळ

फौजीला कुठेही पाठवा, तो आधी लंगर कुठे आहे ते बघतो. फ्लोरिडात डिस्नेच्या एपकॉट पार्कात शिरल्यावर मुलीने राइड्सचा नकाशा उघडला आणि मी खाण्याचा. त्या वर्षी मी कॅन्ससमध्ये फोर्ट लेव्हनवर्थला स्टाफ कॉलेजच्या कोर्सवर होतो. डिसेंबरची सुट्टी होती. बायकोने बजावून ठेवलं होतं की या सुट्टीत ‘टाइमलाइन’, ‘ब्रीफिंग’ आणि ‘रेकी’ हे तीन शब्द तोंडातून काढायचे नाहीत. मी शब्द काढले नाहीत. रेकी मात्र केली.

एपकॉटची गोष्ट गमतीची आहे. वॉल्ट डिस्नेच्या डोक्यात खरं तर वीस हजार वस्तीचं, उद्याच्या जगाचं एक शहर होतं. १९६६ मध्ये तो वारला, शहर कागदावर राहिलं आणि १९८२ मध्ये त्याच नावाने हा पार्क उघडला. त्याचा अर्धा भाग म्हणजे एक मानवनिर्मित तलाव, त्याच्या भोवतीने जवळपास दोन किलोमीटरची वाट आणि वाटेवर अकरा देशांची दालनं. सुरुवातीला नऊ होती. मोरोक्को १९८४ मध्ये आला, नॉर्वे १९८८ मध्ये. मोरोक्कोच्या दालनातली फरशीकामाची नक्षी करायला तिथल्या राजाने, हसन दुसरे यांनी, आपले कारागीर पाठवले होते. ती बघत तासभर उभं राहावं अशी आहे.

भारत त्या अकरांत नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला आवडली ती एक साधी गोष्ट. काउंटरवर उभी असलेली बरीचशी पोरं त्या त्या देशांतून आलेली असतात आणि छातीवरच्या पट्टीवर नावाखाली गाव लिहिलेलं असतं. आमच्याही छातीवर नावाची पट्टी असते, पण तिच्यावर गाव नसतं. असतं तर माझ्या पट्टीवर देवरुख असतं.

देवरुखला माझा दादा खानावळ चालवतो. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बारावीनंतर मी खडकवासल्याला एनडीएत गेलो आणि त्याने वडिलांची खानावळ हातात घेतली. एनडीएच्या मेसमध्ये दोन हजारांच्या आसपास कॅडेट एका छताखाली जेवायला बसतात. पहिल्या टर्मच्या पोराला तिथे चव कळायला फुरसत नसते. ताट समोर येतं आणि रिकामं होतं, एवढंच. अशात दादाची अंतर्देशीय पत्रं यायची. ड्रिल आणि अभ्यासाची चौकशी एका ओळीत, बाकी सगळी जागा खाण्याला. डाळीला फोडणी जिऱ्याची की मोहरीची? लसूण ठेचलेला असतो की कापलेला? भात कुठल्या तांदळाचा? उत्तर द्यायचं म्हणून मी जेवताना लक्ष द्यायला लागलो. माझ्या डिव्हिजनल ऑफिसरला माझ्यात जे दिसलं नसेल, ते निरीक्षण दादाने पोस्टाने शिकवलं.

पुढे जिथे पोस्टिंग, तिथलं काहीतरी सुट्टीवर जाताना ट्रंकेत असायचंच. लेहचे जर्दाळू, बिकानेरची केर-सांगरी, सिक्कीमची छुर्पी, नागालँडची अखुनी. अखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. पुडी सोडली तशी वहिनी अंगणात निघून गेली. दादाने नाक पुडीला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाला, “सुकटीची लांबची बहीण आहे ही.” प्रत्येक पदार्थाला तो आमच्या घरातलं नातं लावायचा. छुर्पी तासभर चघळून ‘सुपारीचा दुधातला अवतार’ ठरवली. केर-सांगरीला गोडा मसाला घातला आणि खानावळीत वाढलीसुद्धा. एका एसटी ड्रायव्हरने ती दुसऱ्यांदा मागितली, हे मला त्याने तीन पत्रांत लिहिलं.

२०२१ च्या मे महिन्यात त्याला कोविड झाला. ऑक्सिजन लागला नाही, आठवड्याभरात उठून बसला, सगळ्यांनी हात जोडले. वास तेवढा गेला होता, तो परत आला नाही. मधले काही महिने तर कांदा परतला की त्याला जळकं रबर यायचं. मग तेही थांबलं. आता जिभेला कळतं तेवढं कळतं: आंबट, गोड, खारट, कडू आणि तिखटाची आग. जिरं की ओवा, ते कळत नाही. दूध उतू गेलं तर आवाजावरून कळतं, लागलं तर कळत नाही. गॅस गळतोय का ते वहिनी बघते. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी व्यायाम दिला आहे: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, चार बाटल्या, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या. तो पीटी करावी तशा नेमाने हुंगतो.

खानावळ चालू आहे. तो कानाने आणि डोळ्याने स्वयंपाक करतो. मोहरीची तडतड, कांद्याचा रंग, घड्याळ. मसाला भाजताना वहिनी शेजारी उभी राहते आणि ‘आता’ म्हणते. तो त्या क्षणी कढई उतरवतो. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही.

ट्रंकेत काही नेण्यात मात्र आता अर्थ उरला नाही. म्हणून मी फोनवर सांगतो. व्हिडिओ कॉल त्याला चालत नाही. “बघून काय करू? सांग,” म्हणतो.

तर एपकॉट. आम्ही उजव्या हाताने, कॅनडाकडून सुरुवात केली आणि दुसऱ्याच देशात माझ्या लक्षात आलं की मी पदार्थ चवीप्रमाणे लावतच नाहीये. दादापर्यंत यातलं किती पोचेल, त्या क्रमाने लावतोय. ब्रिटनचे फिश अँड चिप्स: कुरकुरीत कवच, मीठ, व्हिनेगरचा आंबटपणा, जीभ भाजेल असं गरम. जवळजवळ सगळं पोचेल. फ्रान्सचा क्रोसाँ: पापुद्र्यांचा आवाज पोचेल, लोणी नाही. मोरोक्कोचा चहा: साखर पोचेल, पुदिना नाही. जपानमध्ये काकिगोरी मिळते, किसलेला बर्फ आणि वर रंगीत पाक, म्हणजे आपला गोळाच, फक्त काडीशिवाय. हा दादाला जवळपास माझ्याइतकाच लागला असता. मी तो सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत खाल्ला. जर्मनीत कॅरमेलचं दुकान आहे. ते दिसायच्या आधी वासावरून सापडतं, गुळाचा पाक चिक्कीला येतो तसा दरवळ वाटेवर येतो. तिथून दादा सरळ पुढे चालत गेला असता. दुकान आहे हेच त्याला कळलं नसतं. तिथे माझा पाय जरा जड झाला. बायकोने विचारलं, “दमलास?” मी हो म्हणालो.

लहानपणी आमच्यात कुठलाही खाऊ अर्धा-अर्धा असायचा. तोडायचं त्याने, निवडायचं मी. त्यामुळे तो तोडायचा अगदी सोनाराच्या काट्याने. इतक्या वर्षांत मेसमध्ये, बंकरमध्ये, ट्रेनमध्ये शेकडो लोकांबरोबर खाल्लं. पण नवं काही तोंडात गेलं की मान अजून उजवीकडे वळते, कारण तो उजवीकडे बसायचा.

नॉर्वेपर्यंत पोचलो तेव्हा अंधार पडला होता. तिथल्या बेकरीत ‘स्कूल ब्रेड’ मिळतो, नॉर्वेजियन नाव स्कोलेब्रोड. गोल मऊ पाव, मध्ये पिवळं कस्टर्ड, कडेने साखरेचा पातळ लेप आणि त्यावर खोबऱ्याचा कीस. पहिला घास घेतला आणि थांबलो. पावाच्या पिठात वेलची होती. खोबरं, साखर, वेलची. उत्तर ध्रुवाच्या शेजारच्या देशात, शाळेच्या पोरांच्या नावाने, मोदकाचं सारण.

काउंटरवरच्या मुलीच्या पट्टीवर बर्गेन लिहिलं होतं. तिला विचारलं, हे खरंच शाळेत मिळतं का? ती म्हणाली, शाळेत असताना खूप खाल्लाय, पण आजीच्या हातचा वेगळा. एवढ्याने माझी तिच्याशी ओळख झाली.

फ्लोरिडाचे संध्याकाळचे सहा म्हणजे देवरुखची पहाटेची साडेचार. खानावळवाला त्या वेळी जागाच असतो. फोन लावला.

“काय खातोयस?”

“पाव. बोटाने दाबला तर परत वर येतो. वर लेप आहे, तो आधी चिकटतो, मग विरघळतो. मध्ये कस्टर्ड, थंड.”

“गोड किती?”

“आपल्या श्रीखंडाहून कमी. वर खोबरं, सुकं, जरा भाजलेलं.”

“आणि?”

“आणि वेलची. पण सारणात असते तशी वर येणारी नाही. पिठात मुरलेली. आजी डब्यातल्या साखरेत सालं टाकून ठेवायची, त्या साखरेसारखी.”

पलीकडे मोठा वेळ आवाज नव्हता. स्टोव्हची फरफर तेवढी ऐकू येत होती. मग म्हणाला, “आलं.”

मला माहीत आहे, नाकात काही आलं नव्हतं. वासाला आपल्या मराठीत शब्द पुष्कळ आहेत: खमंग, खवट, करपट, आंबूस, कुबट. पण वेलची कशी, हे वेलची न हुंगलेल्याला कुठल्याच शब्दाने सांगता येत नाही. ‘आजीच्या साखरेसारखी’ हे वर्णन माझ्या बायकोला निरुपयोगी आहे, मुलीला निरुपयोगी आहे. जगात ते कळणारा एकच माणूस शिल्लक आहे आणि तो त्या पहाटे अंधारात भाताचं आधण ठेवत होता. आम्ही एकाच डब्यात बोटं घालून मोठे झालो. त्याचं नाक गेलं, डबा गेला नाही. आणि तो डबा उघडायला समोरचाही त्याच घरातला लागतो. दादाची आठवण येते म्हणजे मला नक्की काय होतं, ते मला त्या बाकावर बसून कळलं. मी जे खातो त्याचं नाव सांगायला माझ्याकडे माणूस नसतो.

मेक्सिकोत आम्ही फक्त फिरलो. पोटात जागा नव्हती.

दोन आठवड्यांनी वहिनीचा मेसेज आला, फोटोसह. परातीत बारा पाव, कडा जरा करपलेल्या, मध्ये कस्टर्ड पावडरचं पिवळं, वर ओल्या खोबऱ्याचा चव. सुकं घालायचं असतं हे दादाला मी सांगितलं होतं. कोकणात राहून सुकं कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं. वेलची किती घालायची ते वहिनीने नाकाने ठरवलं, साखर त्याने जिभेने. फळ्यावर खडूने ‘नॉर्वे पाव’ लिहून त्याने ते विकायला ठेवले आणि शाळा सुटल्यावर पोरांनी संपवले.

जमलेत का, हे तिथे कोणालाच सांगता येत नाही. वहिनीने मूळचा खाल्लेला नाही आणि दादाला वेलची कळत नाही. त्यामुळे कोर्स संपल्यावरच्या सुट्टीत मला देवरुखला हजर व्हायचा हुकूम आहे. सकाळी साडेचारला, उपाशी पोटी.